अलिबागला बोटीने की गाडीने?

अलिबागला जायचं ठरलं आणि आमच्या घरात लगेच दोन पक्ष पडले. दादा म्हणाला, बोटीने जाऊ. बाबा म्हणाले, गाडीने जाऊ. आईने नेहमीप्रमाणे दोघांचं ऐकून घेतलं आणि डब्यात काय न्यायचं याची यादी करायला घेतली. माझी पाच वर्षांची भाची अर्थातच बोटीच्या बाजूने होती. पण जिच्यासाठी ही सहल ठरत होती, त्या माझ्या सासूबाई काहीच बोलल्या नाहीत.

सासूबाई इन्नंबूरच्या. इन्नंबूर हे कुंभकोणमजवळचं लहानसं गाव. तिथल्या शंकराला अक्षरांचा देव मानतात. शाळेत घालण्याआधी मुलांना तिथे अक्षर गिरवायला आणतात. लग्नानंतर मीही तिथेच राहते आणि तिथूनच लिखाणाचं काम करते. आमच्या सासरचं मराठी तंजावरचं आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे सतराव्या शतकात तंजावरला गेले, तिथे भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत चाललं आणि त्यांच्यामागून गेलेली मराठी माणसं तिथलीच झाली. साडेतीनशे वर्षं तमिळच्या शेजारी राहिलेलं हे मराठी ऐकताना पहिल्या वर्षी माझी तारांबळ उडायची. आता सवय झाली आहे. सासूबाईंचं बोलणं इथे मात्र मी आपल्या नेहमीच्या मराठीतच लिहिते.

२०२५ च्या फेब्रुवारीत त्या पहिल्यांदाच माझ्या माहेरी, ठाण्याला आल्या. तिकडे भाताची कापणी सुरू असल्यामुळे सासरे आणि माझा नवरा मागेच राहिले होते. सासूबाईंच्या आजोबांनी त्यांना लहानपणी शिवाजी महाराजांच्या समुद्रातल्या किल्ल्यांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. 'तसा एखादा किल्ला बघायला मिळेल का?' एवढंच त्यांनी विचारलं होतं. एका दिवसात जाऊन यायचं तर अलिबागचा कुलाबा किल्ला सगळ्यात सोयीचा. रविवार ठरला. प्रश्न उरला तो जायचं कसं, एवढाच.

दोन्ही बाजूंचं म्हणणं

दादाचा मुद्दा साधा होता. मुंबईहून समुद्रमार्गे मांडव्याला तासाभरात पोहोचता येतं. गेट वे ऑफ इंडियाहून सुटणाऱ्या प्रवासी बोटींच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बसही धरलेली असते. हे अंतर साधारण वीस किलोमीटर. आणि आपली गाडी सोबत हवी असेल तर रो-रो आहे. १५ मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला ही बोट जाते. गाडी उतारावरून थेट बोटीच्या पोटात घालायची, आपण वर जाऊन बसायचं आणि मांडव्याला उतरून पुढे निघायचं. तिकिटं आधी काढून ठेवावी लागतात, शनिवार-रविवारी तर नक्कीच.

बाबांचा मुद्दाही साधाच होता. ठाण्याहून भाऊच्या धक्क्यापर्यंत जायचं म्हणजे आधी उलट्या दिशेला जायचं. मग अर्धा तास आधी पोहोचायचं, मग तासभर बोट. त्यापेक्षा ऐरोली, पनवेल, पेण, वडखळ आणि पोयनाड असं गेलं की शंभरेक किलोमीटरमध्ये अलिबाग. पहाटे निघालं तर अडीच-तीन तास. आणि बाबांचं ठेवणीतलं वाक्य: "गाडी आपल्या हातात असते. कुणाला मळमळलं, कुणाला जायचं असलं तर बाजूला घेता येते. बोट थांबवता येते का?"

हिशोब मांडला तर दोघंही बरोबर होते. हा प्रश्न खरं तर तुम्ही राहता कुठे यावर ठरतो. गिरगाव, लालबाग, माझगावकडच्या माणसाला बोटीसारखं सुख नाही. दादर-परळहून गाडीनेच जायचं तर आता शिवडीहून अटल सेतू आहे. १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालेला हा २१.८ किलोमीटरचा पूल तुम्हाला खाडीपलीकडे न्हावाशेवाकडे सोडतो. २०२५ मध्ये एका बाजूचा टोल २५० रुपये होता, पण वाशी-पनवेलचा वळसा वाचतो. पनवेल, कल्याण, डोंबिवलीकरांनी मात्र धक्क्याचं नावही काढू नये, त्यांना रस्ताच जवळचा. आम्ही ठाणेकर नेमके मधले. आमचं पारडं इकडेही झुकत नव्हतं आणि तिकडेही.

महिना कोणता आहे हेही बघावं लागतं. पावसाळ्यात गेट वेच्या नेहमीच्या बोटी बंद असतात, रो-रो मोठी असल्यामुळे हवामान बघून चालते. रस्ता बारा महिने चालू असतो, पण मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून किती रखडलं हे कोकणात गणपतीला जाणाऱ्या कुणालाही विचारा. आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पेण-वडखळच्या बाजूला गाड्यांची रांग लागली की बाबांच्या हातातली गाडीही काही कामाची नसते.

घरात म्हातारं माणूस असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. गेट वेला पायऱ्या उतरून बोटीत पाऊल टाकावं लागतं. पायऱ्या ओल्या असतात, बोट हलत असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला समुद्रापेक्षा त्या चार पायऱ्याच जास्त जड जातात.

जे कुणी बोलत नव्हतं

शुक्रवारी रात्री जेवताना बाबा पटकन बोलून गेले, "आमच्या आजीने मला कधी रेवसच्या बोटीत बसू दिलं नाही." बाबांच्या आजीचं माहेर रेवसजवळचं. १७ जुलै १९४७ ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या पट्ट्यातल्या गावागावात कुणाचं ना कुणाचं माणूस त्या बोटीवर होतं. बाबांचा जन्म त्यानंतर वीस वर्षांनी झाला, तरी घरातली भीती त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. आम्हाला हे माहीतच नव्हतं. आम्ही समजत होतो की बाबांना फक्त गाडी चालवायची हौस आहे.

दादा म्हणाला, "बाबा, तो काळ वेगळा होता." त्यावर बाबा एवढंच म्हणाले, "आणि डिसेंबरमधलं?" १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली होती आणि १५ जणांचा जीव गेला होता. त्याला दोन महिनेही झाले नव्हते. दादा गप्प झाला.

मग सासूबाई बोलल्या. त्यांची धाकटी बहीण नागपट्टणमला राहायची. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांहून जास्त माणसं गेली. मावशी आणि त्यांची मुलं वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली. चार दिवसांनी सासूबाई त्यांना आणायला गेल्या, तेव्हा त्यांनी ते गाव पाहिलं. काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. "त्यानंतर मी समुद्रावर गेले नाही," एवढंच म्हणाल्या. आमच्या इन्नंबूरहून तरंगंबाडीचा किनारा गाडीने दोन तासांच्या आत आहे. डॅनिश लोकांनी बांधलेला किल्ला बघायला लांबून लोक येतात. मी दोनदा म्हटलं होतं, आपण जाऊ या. दोन्ही वेळा काहीतरी काम निघालं होतं. त्या कामांचा अर्थ मला त्या रात्री कळला.

आईने यादी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "विहीणबाई, मग राहू दे ना किल्ला. आपण मुंबईतच फिरू."

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "किल्ला बघायचाय. पण जाताना रस्त्याने जाऊ."

तिथे वाद संपला. दादानेही पुन्हा विषय काढला नाही.

सकाळी नऊचा समुद्र

रविवारी पहाटे सहाला निघालो. सात जणांच्या गाडीत आम्ही सहा. पेणच्या अलीकडे नाश्ता केला. सासूबाईंनी तिथला चहा एक घोट घेऊन ठेवून दिला. कुंभकोणमच्या डिग्री कॉफीवर वाढलेल्या माणसाला त्याबद्दल दोष देता येत नाही. वडखळला उजवीकडे वळलो, धरमतरच्या खाडीवरचा पूल ओलांडला, पोयनाड मागे पडलं, कार्लेखिंडीतून उतरलो आणि साडेनवाच्या आत अलिबागेत पोहोचलो. वाटेत तीनदा थांबलो. दोनदा भाचीसाठी आणि एकदा सासूबाईंना पाय मोकळे करायचे होते म्हणून. बाबांनी दादाकडे बघून फक्त भुवया उंचावल्या.

किनाऱ्यावर भरती होती. कुलाबा किल्ला चारही बाजूंनी पाण्यात उभा होता आणि लाटा वाळूवर वरपर्यंत येत होत्या. सासूबाई गाडीतून उतरल्या, पण वाळूवर आल्या नाहीत. रस्त्याच्या कडेच्या बाकावर बसून त्यांनी किल्ला पाहिला. दहा मिनिटांनी म्हणाल्या, "बघितला. चला."

आम्ही गावात गेलो. कान्होजी आंग्र्यांची समाधी पाहिली. याच किनाऱ्यावरून इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी यांना धाकात ठेवणारा हा दर्यासारंग १७२९ मध्ये गेला. कुलाबा किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलं, पण त्याचा दरारा वाढला तो कान्होजींच्या काळात. बाजारात नुकत्याच आलेल्या पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगल्या होत्या. आईने दोन घेतल्या, सासूबाईंनी एक. मग जेवलो. वेळ काढायचा होता, कारण किल्ल्यात जायची वाट दुपारी उघडणार होती. हे सासूबाईंना आम्ही नीट सांगितलं नव्हतं. आमची चूक तीच झाली.

दुपारी अडीचचा समुद्र

अडीचला परत किनाऱ्यावर आलो तेव्हा समुद्र तिथे नव्हता. सकाळी जिथे लाटा फुटत होत्या तिथे ओल्या वाळूचं मैदान पसरलं होतं, मध्ये कुठेकुठे पाण्याची डबकी, आणि त्यावरून घोडागाड्या किल्ल्याकडे चालल्या होत्या. भाची टाळ्या वाजवत पळत सुटली.

सासूबाईंनी तिला इतक्या जोरात हाक मारली की आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. "पाणी कुठे गेलं?" त्या विचारत होत्या. "पोरीला परत बोलाव."

मला क्षणभर कळलंच नाही. मग लक्षात आलं. त्सुनामीच्या दिवशी काही ठिकाणी पाणी असंच खूप मागे सरकलं होतं, बघायला गेलेली माणसं पुढच्या लाटेत सापडली होती. हे तिकडे प्रत्येकाने ऐकलेलं आहे. शिवाय आमच्या तिकडच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत जेमतेम मीटरभराचाच फरक पडतो. इथे मुंबई-अलिबागकडे उधाणाच्या दिवसांत तो पाच मीटरपर्यंत जातो. समुद्राची एवढी माघार त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. जी ऐकली होती, ती त्याच एका दिवसाची.

दादाने भाचीला कडेवर उचलून आणलं. मी समजावायला लागले, पण माझ्या समजावण्यात काही जोर नव्हता. शेजारच्या घोडागाडीवाल्या काकांनी हे सगळं पाहिलं होतं. त्यांनी विचारलं, "आजी, आज तिथी कोणती?"

सासूबाई पंचांग बघितल्याशिवाय दिवस सुरू करत नाहीत. घाबरलेल्या होत्या, तरी उत्तर लगेच आलं. "द्वादशी."

"मग बाराची पाऊणपट किती?"

"नऊ."

"म्हणून सकाळी नऊला भरती होती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. तीन-सव्वातीनला पाणी सगळ्यात खाली, मग परत चढायला लागेल. उद्या त्रयोदशी. उद्या पाऊण तास उशिरा."

कोकणात कोळ्यांचा हा जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. सासूबाई मनातल्या मनात काहीतरी मोजत राहिल्या. "पंचमीला पावणेचार," त्या पुटपुटल्या. "अष्टमीला सहा." काका मान हलवत होते. दोन-तीन मिनिटं त्यांचं असं चाललं होतं. मग सासूबाईंनी माझं मनगट सोडलं.

"रोज असंच?" त्यांनी विचारलं.

"रोज दोनदा," काका म्हणाले. "माझ्या आज्याच्या आधीपासून."

त्या घोडागाडीत बसल्या. वाटेत एका ठिकाणी चाकं अर्धी पाण्यात गेली, तेव्हा त्यांनी दांडा घट्ट पकडला, पण थांबा म्हणाल्या नाहीत. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, राघोजी आंग्र्यांनी अठराव्या शतकात बांधलेलं, आणि चहूकडे खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर. विहिरीपाशी त्या बराच वेळ उभ्या होत्या. तटावरून बाबांनी त्यांना दूरचं खांदेरी बेट दाखवलं. परत येताना अर्ध्या वाटेवर त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरल्या आणि उरलेलं अंतर चपला हातात घेऊन ओल्या वाळूवरून चालत आल्या. गुडघ्यांची तक्रार त्या दिवशी ऐकू आली नाही.

परतीचा रस्ता

किनाऱ्यावर पाय धुताना त्यांनी दादाला विचारलं, "ती गाडी घेऊन जाणारी बोट अजून आहे का?"

दादाने मोबाइलवर पाहिलं. संध्याकाळच्या फेरीत गाडीला जागा होती. आता सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबांनी गाडीची किल्ली खिशातून काढली, पुन्हा खिशात ठेवली आणि म्हणाले, "विहीणबाई येत असतील तर माझं काय जातंय?"

मांडव्याला गाडी बोटीत चढली. आम्ही हळूहळू वर गेलो. बोट सुटण्याआधी सासूबाईंनी लाइफ जॅकेट कुठे ठेवली आहेत ते विचारून घेतलं, आपल्या सहा जणांचा मनातल्या मनात हिशोब केला आणि मग आतल्या खिडकीजवळ बसल्या. बाबा त्यांच्या शेजारी. मला वाटतं त्या अख्ख्या बोटीत सगळ्यात ताठ बसलेली माणसं हीच दोघं असावीत. बाहेर बगळ्यांसारखे पांढरे समुद्रपक्षी बोटीच्या मागे उडत होते आणि भाची त्यांना नावं देत होती. डावीकडे सूर्य पाण्याला टेकला, समोर मुंबईचे दिवे लागायला लागले. कधीतरी मागे वळून पाहिलं तर खिडकीजवळची दोन्ही माणसं जागेवर नव्हती. ती बाहेर कठड्याशी उभी होती आणि बाबा सासूबाईंना हात लांब करून काशाचा खडक कुठल्या दिशेला आहे ते सांगत होते.

तुमच्या घरातही असा वाद निघाला तर किलोमीटर आणि तिकिटं मोजाच, पण त्याआधी गप्प बसलेल्या माणसाला विचारा. आम्ही शुक्रवारी रात्री विचारलं नसतं, तर दादाच्या उत्साहात सासूबाईंना सकाळीच बोटीत बसवलं असतं आणि त्या आमच्या समाधानासाठी तासभर डोळे मिटून बसल्या असत्या. आणखी एक गोष्ट: आपली गाडी नेली आणि रो-रोचं तिकीट एकाच बाजूचं काढलं, तर परतीचं तिथे गेल्यावर ठरवता येतं. जागा मिळेलच असं नाही, पण कुणाचं मन बदललं तर त्याला वाव राहतो. किल्ल्यात जायचं असेल तर भरती-ओहोटीची नेमकी वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा. आणि सोबतच्या माणसांना ती नीट सांगा.

मार्चमध्ये आम्ही इन्नंबूरला परत आलो. एका रविवारी मी कामात असताना सासूबाई आणि माझा नवरा कुठेतरी बाहेर गेले. दुपारी फोन आला. मागे वाऱ्याचा आणि लाटांचा आवाज येत होता.

"तरंगंबाडीला आलोय," सासूबाई म्हणाल्या. "तिथी मोजून आले. पण इथलं पाणी काही हलत नाही गं. तुमच्या अलिबागसारखं नाही."